आठवीत झालेला धडा

“ते आठवीत झालंय की गं मावशी. दहावीला नाही येत,” असं म्हणून जुईने टीबीचा विषय बाजूला सारला आणि वहीचं पान उलटलं.

फेब्रुवारीतला रविवार होता. विज्ञान भाग २ चा ४० मार्कांचा पेपर तोंडावर आलेला. ताईने फोनवर सांगितलं होतं, “तू लॅबमधली आहेस, एकदा येऊन तिची उजळणी घे. पाठ आहे सगळं, पण मला भरवसा वाटत नाही.” म्हणून सकाळच्या एसटीने मी सांगलीहून इचलकरंजीला आले. आमचं घर अजून त्याच गल्लीत आहे. भिंतीपलीकडे यंत्रमागांचा खडखडाट, आणि त्याच्यावर आवाज चढवून बोलायची सगळ्यांची सवय. लहानपणी पाढेसुद्धा आम्ही ओरडूनच म्हटले.

पाठ तर खरंच सगळं होतं. विकर म्हणजे काय, असं विचारायचा अवकाश, उत्तर हजर. तंतुकणिका, ग्लायकोलायसिस, क्रेब्ज चक्र, मेंडेलचे वाटाणे, पक्षी आणि सरीसृप यांच्यामधला आर्किऑप्टेरिक्स. कुठे अडखळणं नाही. लॅमार्कच्या जिराफापाशी तर ती खुलली. मान ताणून ताणून लांब होत नाही, आयुष्यात कमावलेले बदल असे पुढच्या पिढीत उतरत नाहीत, म्हणून लॅमार्क मागे पडला आणि डार्विन टिकला, हे तिने हातवारे करून सांगितलं.

मग मी सहज विचारलं, “टीबीचे काही जंतू औषधाला दाद देत नाहीत. का गं?”

“सवय होते ना त्यांना औषधाची.”

खिडकीशी खुर्ची टाकून पेपर वाचणारे आप्पा मान वर न करता म्हणाले, “खरं हाय ते. तवा दवाखान्यातबी हेच सांगायचे.”

सवय. हा शब्द मी रोज ऐकते. सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करायला लागून मला पंधराहून अधिक वर्षं झाली. खिडकीतून बेडक्याची डबी आत सरकवताना नातेवाईक विचारतात, “जंतूला गोळीची सवय झाली असेल का हो?” आमच्यातलेही काही जण तसंच बोलतात, समजावायला सोपं पडतं म्हणून. जुईचा काहीच दोष नव्हता. पण पाच मिनिटांपूर्वी जिराफाच्या बाबतीत जी चूक तिने खोडून काढली, तीच चूक जंतूच्या बाबतीत ती सहज करून गेली होती, आणि तिला ते जाणवलंही नव्हतं. जिराफ पहिल्या धड्यातला, जंतू सातव्या धड्यातला. मधे पाच धडे, आणि टीबी तर थेट आठवीतला.

मी वही मिटायला लावली. “बटाटा आण.”

कच्चा बटाटा, त्याची एक जाड चकती, आणि घरातल्या औषधांच्या डब्यात जखमा धुवायला ठेवलेली हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली. चकतीवर चार थेंब टाकले. क्षणभर काही नाही, मग कडेने बारीक बुडबुडे, आणि बघता बघता ताकावर येतो तसा पांढरा फेस. जुई वाकून बघत राहिली. दुसरी चकती आईने चुलीवरच्या आधणात टाकून शिजवून दिली. तिच्यावर थेंब टाकले तर ती नुसती ओली झाली.

हा कॅटालेज नावाचा विकर, म्हणजे पेशीतली रासायनिक कामं घडवून आणणारं एन्झाइम. बटाट्यात आहे, आपल्या यकृतात आहे, रक्तात आहे. पेरॉक्साइड पेशीला जाळतं, आणि पेशीच्या स्वतःच्या कामकाजातही ते थोडं थोडं तयार होत राहतं. कॅटालेज त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतो. फेस म्हणजे तो ऑक्सिजन. विकर हे प्रथिन आहे, अमिनो आम्लांची माळ विशिष्ट तऱ्हेने दुमडून तयार झालेलं, म्हणून शिजवलं की घडी उसवते आणि काम थांबतं. हे सगळं जुईला शब्दांत येत होतं. विकरात त्याच्या मापाचाच रेणू बसतो ही १८९४ साली एमिल फिशरने मांडलेली कुलूप-किल्लीची उपमासुद्धा तिने आकृतीसकट काढली असती. पण फेस तिने पहिल्यांदा बघितला. दहावीपर्यंत येऊन एका पोरीने बटाट्यावरचा फेस बघितलेला नसावा याचं मला वाईट वाटतं. त्याला शाळेतली प्रयोगशाळासुद्धा लागत नाही.

“आता हे बघ,” मी म्हटलं. “टीबीच्या जंतूकडेही असाच विकर आहे.”

जंतू श्वासावाटे फुप्फुसात जातो. तिथे भक्षक पेशी त्याला गिळतात आणि मारायला त्याच्यावर पेरॉक्साइड सोडतात. बाटलीतलं तेच, आपल्या शरीराने घरच्या घरी तयार केलेलं. जंतू आपला कॅटालेज पुढे करतो आणि बटाट्यासारखाच त्याचं पाणी करतो. ही त्याची ढाल. पुस्तकात एका धड्यात विकर येतात, दुसऱ्या इयत्तेत टीबी येतो. छातीत मात्र दोघांची गाठ अशी समोरासमोर पडते.

आता औषध. आयसोनियाझिड १९५२ पासून वापरात आहे आणि टीबीच्या उपचारातला तो अजूनही एक खांब आहे. गोळी पोटात जाते, रक्तातून जंतूपर्यंत पोचते, पण त्या क्षणी ती राखेखाली झाकलेल्या निखाऱ्यासारखी असते. धग नाही. तिला फुंकर घालतो तो जंतूचाच कॅटालेज. त्याच विकराने हात लावला की आयसोनियाझिड जागं होतं आणि जंतूच्या दुसऱ्या एका विकराला जखडून टाकतं. तो दुसरा विकर जंतूच्या भिंतीतलं मेण तयार करणारा. मेण थांबलं की वाढत्या जंतूची भिंत उभी राहत नाही आणि तो मरतो.

ते मेण मी रोज बघते. बेडका काचेच्या स्लाइडवर पसरायचा, ज्योतीवर धरून पक्का करायचा, त्यावर लाल रंग ओतून वाफ निघेपर्यंत खालून तापवायचं, उकळू द्यायचं नाही. मग गंधकाम्लाने धुवायचं. आम्लाने बाकी सगळ्याचा रंग उतरतो, टीबीच्या जंतूचा उतरत नाही, कारण मेणकट भिंतीने तो धरून ठेवलेला असतो. शेवटी निळा रंग. भिंगावर तेलाचा थेंब ठेवून बघितलं की निळ्या पार्श्वभूमीवर बारीक, किंचित वाकलेल्या लाल काड्या. कधी एकेकट्या, कधी दोन एकमेकींवर टेकलेल्या. पहिल्यांदा दिसल्या तेव्हा मी स्टुलावरून उठून उभी राहिले होते. आता उठत नाही. पण लाल काडी दिसली की हात अजूनही एक क्षण थांबतो.

का थांबतो ते जुईला माहीत नव्हतं. ताईने तिला कधी सांगितलं नसावं.

२००४ चा पावसाळा. आप्पा रातपाळीला माग चालवायचे. खोकला होता, पण मागावरच्या सगळ्यांनाच असतो, सुताची धूळ जाते, असं म्हणून तीन आठवडे गेले. वजन उतरलं, संध्याकाळी अंग कढत व्हायला लागलं, तेव्हा एका खासगी दवाखान्यात एक्स-रे काढला. टीबी. गोळ्या सुरू झाल्या. लघवी केशरी-लाल व्हायला लागली तेव्हा आई घाबरून रडली. तो रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधाचा रंग असतो, हे मला पुढे कितीतरी वर्षांनी कळलं. महिनाभरात ताप गेला. दोन महिन्यांत आप्पा दोन भाकऱ्या जास्त खायला लागले. दिवाळी तोंडावर आली, मागावर काम वाढलं, गोळ्यांचा खर्च होताच. आप्पा म्हणाले, “आता बरं वाटतंय की. कशाला त्या गोळ्या?”

कुणीच काही बोललं नाही. मी तेव्हा बारावी सायन्सला होते.

हे मला जुईपुढे कबूल करायचं होतं, कदाचित त्यासाठीच मी त्या दिवशी टीबीचा विषय काढला असेन. त्याच दिवाळीच्या सुट्टीत मी डार्विन पाठ करत होते. जीवांची बेसुमार संख्या, त्यांच्यातले जन्मजात फरक, टिकण्यासाठीची झटापट, आणि जो परिस्थितीला जुळतो त्याचीच संतती वाढते. चार मुद्दे, चार मार्क. कॉलेजच्या सराव परीक्षेत मला चारही मिळाले. आणि ज्या खोलीत मी ते मोठ्याने घोकत होते तिथेच चटईवर आप्पा झोपलेले असायचे, गोळ्या अर्ध्यावर सोडलेले, त्यांच्या फुप्फुसात बेसुमार संख्येने जीव, आणि त्यांच्यात जन्मजात फरक. मी डोळे मिटून मुद्दे म्हणत होते. ते मुद्दे दोन हातांवर श्वास घेत होते.

जानेवारीत खोकला परत आला.

जुई गप्प बसली होती. आप्पांनी पेपर खाली ठेवला होता. आई आतून सूप घेऊन आली आणि आमच्याजवळ बसून तांदूळ निवडायला लागली. काही न बोलता ऐकायचं असलं की ती असं हातातलं काम काढते.

तिच्याकडे बघून मला सुचलं. आपल्या भाषेत डार्विनचा शब्द किती घरातला आहे! नैसर्गिक निवड. निवड म्हणजे आई करतेय तेच. तांदळात खडे पडले ते आई निवडायला बसली म्हणून नाहीत. ते आधीच होते, मूठभर तांदळात एखादा. फक्त आई दाणे ठेवते आणि खडे फेकते, औषध उलटं करतं. औषध दाणा न् दाणा वेचून मारतं आणि सुपात खडे उरतात. उरलेल्या खड्यांनी पोरं घातली की पुढचं सगळं सूप खड्यांचं. सवय कुणालाच झालेली नाही. जो दाणा होता तो मेला. जो खडा होता तो गोळी यायच्या आधीपासून खडाच होता.

“पण आधीपासून होता हे कसं कळलं?” जुईने विचारलं. हा प्रश्न परीक्षेत येत नाही. तो तिच्या तोंडून आला तेव्हा मला ती उजळणी सार्थकी लागल्यासारखं वाटलं.

याचं उत्तर मखमलीत आहे. १९५२ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग या जोडप्याने एक साधा प्रयोग केला. एका बशीत जिवाणूंच्या वसाहती वाढवल्या. बशीच्या मापाच्या गोल ठोकळ्यावर निर्जंतुक मखमल ताणून बसवली आणि ती बशीवर अलगद दाबली. मखमलीचा प्रत्येक उभा धागा म्हणजे एक सूक्ष्म सुई. प्रत्येक वसाहतीतले थोडे जिवाणू जागच्या जागी धाग्यांना चिकटले. मग तीच मखमल स्ट्रेप्टोमायसिन हे जिवाणू मारणारं औषध घातलेल्या नव्या बश्यांवर दाबली, एकापाठोपाठ एक. ठसा उमटवतात तसं. नव्या बश्यांमध्ये बहुतेक सगळं मेलं. जे मोजके जगले ते प्रत्येक बशीत त्याच त्याच जागी.

औषधामुळे सवय लागली असती तर ती कुठेही, कशीही लागली असती. सगळ्या बश्यांत नेमकी एकच जागा का? मग त्यांनी मूळ बशीकडे जाऊन, जिला औषधाचा स्पर्शही नव्हता, त्या जागेवरचे जिवाणू उचलले, वाढवले, पुन्हा ठसा घेतला, पुन्हा वेचले. असं करत करत त्यांच्या हातात एक वाण आला जो स्ट्रेप्टोमायसिनला दाद देत नव्हता आणि ज्याच्या पूर्वजांनी स्ट्रेप्टोमायसिन कधी पाहिलंच नव्हतं. जोशुआ लेडरबर्गना १९५८ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. मखमलीच्या कामात एस्थरचा हात किती होता ते जाणणाऱ्यांना तिचं नाव त्यात नसल्याची खंत आजही वाटते, आणि मलाही वाटते.

आप्पा कापडातले. मखमलीचे उभे धागे त्यांना मला समजावून सांगावे लागले नाहीत. “तिला लव म्हणत्यात,” ते म्हणाले, आणि बोटाने हवेत धाग्याची उभी रेघ काढून दाखवली.

आता खडा म्हणजे नेमकं काय, तेही सांगते, कारण इथे सगळे धडे एका जागी येतात. टीबीच्या जंतूचा तो कॅटालेज ७४० अमिनो आम्लांची माळ आहे. जंतू दुभागताना डीएनएची नक्कल होते आणि क्वचित एखादं अक्षर चुकतं. कधी कधी त्या चुकीने माळेतला ३१५ वा मणी बदलतो: सेरीनच्या जागी थ्रिओनीन. या दोन अमिनो आम्लांत फरक किती? एक कार्बन आणि त्याला चिकटलेले हायड्रोजन, बस. पण तेवढ्याने विकराच्या आत जायची वाट जराशी अरुंद होते. पेरॉक्साइडचा रेणू चिमुकला, तो अजूनही आत जातो, म्हणून ढाल शाबूत. आयसोनियाझिडचा रेणू मोठा, त्याला आत नीट शिरता येत नाही. निखाऱ्याला फुंकर मिळत नाही. काही जंतूंमध्ये हा विकर पूर्णच निकामी झालेला सापडतो आणि तेही आयसोनियाझिडला दाद देत नाहीत, पण त्यांची ढालही जाते. ३१५ व्या मण्याचा बदल मात्र दोन्ही साधतो. म्हणून रुग्णांमध्ये तो पुन्हा पुन्हा भेटतो. या विकराचा आणि औषधाचा संबंध १९९२ मध्ये उलगडला, म्हणजे औषध वापरात येऊन ४० वर्षांनी.

एवढं सांगून झाल्यावर मी जुईला हिशेब घातला. गणित तिचा आवडता विषय. आयसोनियाझिडला दाद न देणारा जंतू ढोबळपणे दहा लाखांत एखादा. फुप्फुसात पोकळी पडलेल्या रुग्णात जंतू दहा कोटींच्या घरात, कधी त्याहून जास्त. तर फक्त आयसोनियाझिड दिलं तर किती उरतील? तिने लगेच सांगितलं, शंभर. आणि रिफाम्पिसिनला दाद न देणारा दहा कोटींत एखादा असेल, तर दोन्हींना एकदम दाद न देणारा? तिने वहीच्या मागच्या पानावर शून्यं मांडली. एकावर चौदा. एवढे जंतू एका माणसात नसतातच.

म्हणून गोळ्या एकदम तीन-चार देतात. मनाने कुणी ठरवलेली गोष्ट नाही ती, शिकवलेली आहे, आणि फार महाग शिकवणी पडली. ब्रिटनमध्ये १९४८ साली स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीचे निष्कर्ष छापून आले. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ जण दगावले, न मिळालेल्या ५२ पैकी १४. जगाला वाटलं टीबी हरला. पण एकच औषध होतं, आणि सुपात खडे होते. अनेक रुग्णांच्या बेडक्यात काही महिन्यांतच स्ट्रेप्टोमायसिनला न जुमानणारे जंतू निघाले, आणि पाच वर्षांनी पाहिलं तेव्हा दोन्ही गटांतला फरक बराच पुसला गेला होता. त्यातून शहाणपण आलं ते औषधं जोडून देण्याचं.

आनंदीबाई जोशींचं नाव जुईला माहीत होतं. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने गेल्या, वयाच्या २१ व्या वर्षी. त्याच्या पाच वर्षं आधी, २४ मार्च १८८२ ला, रॉबर्ट कॉखने बर्लिनमध्ये हा जंतू दाखवून दिला होता. जंतू माहीत होता, गोळी नव्हती. आयसोनियाझिड यायला आनंदीबाई गेल्यानंतर ६५ वर्षं लागली. आप्पांच्या उशाशी गोळी होती आणि दिवाळीला ती थांबली, याचा विचार मनात आला की मला आनंदीबाई आठवतात. का ते मी नीट सांगू शकत नाही.

टीबीच्या गोळ्या सहा महिने का घ्यायच्या, हेही जुईने विचारलं. दोन महिन्यांत ताप गेला, वजन वाढलं, बेडक्यात जंतू दिसेनासे झाले, मग पुढे कशाला? याचं उत्तर थोडक्यात असं की हा जंतू संथ आहे. आपल्या आतड्यातला ई. कोलाय वीस मिनिटांत दुभागू शकतो, टीबीच्या जंतूला पंधरा ते वीस तास लागतात. आमच्याकडे अंड्याच्या हिरव्या माध्यमावर तो वाढवायचा तर सहा-आठ आठवडे वाट बघावी लागते, आणि मग पावाच्या चुऱ्यासारख्या खरखरीत पिवळट वसाहती दिसतात. त्यातही काही जंतू जवळजवळ झोपलेले असतात, दुभागतच नाहीत. भिंत बांधत नसलेल्याची भिंत पाडता येत नाही. त्यांच्यासाठी रिफाम्पिसिन महिनोन्‌महिने द्यावं लागतं. आणि स्लाइडवर दिसत नाही म्हणजे नाही, असं धरता येत नाही. बेडक्याच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण पाच ते दहा हजार जंतू असतील तेव्हा कुठे माझ्या भिंगाखाली एखादी काडी येते. मी ‘निगेटिव्ह’ लिहिते तेव्हा मला हे माहीत असतं. रुग्णाला ते कुणी तरी समजावून सांगायला हवं.

फेब्रुवारी २००५ मध्ये, माझी बारावीची परीक्षा सुरू व्हायच्या आठवड्यात, आप्पांच्या बेडक्यात जंतू सापडले. या वेळी सरकारी डॉट्स, म्हणजे कुणाच्या तरी समोर गोळ्या गिळायचा उपचार. नव्या रुग्णांना लाल खोका, दुसऱ्यांदा उपचार घेणाऱ्यांना निळा. खोक्यावर रुग्णाचं नाव, आत पूर्ण उपचाराची औषधं. आप्पांच्या नावाचा निळा खोका गल्लीतल्या अंगणवाडीताईंच्या घरी कपाटावर असायचा. आठवड्यातून तीन दिवस आप्पा त्यांच्या दारात उभे राहायचे आणि त्यांच्यासमोर गोळ्या गिळायचे. पहिले दोन महिने स्ट्रेप्टोमायसिनची सुईसुद्धा. एकूण आठ महिने. एकही दिवस चुकला नाही. त्या बाई आप्पांना आल्याचा चहा दिल्याशिवाय सोडत नसत. आजची पद्धत निराळी आहे: गोळ्या रोज घ्यायच्या, आणि बेडक्यातल्या जंतूचं जनुक तपासून रिफाम्पिसिन चालेल की नाही ते दोन तासांत सांगणारं यंत्र आमच्या टेबलावर आहे. तेव्हा तशी सोय सरसकट नव्हती. म्हणून आप्पांचे जंतू नुसते उरलेले होते की त्यात खडे झाले होते, हे कुणी तपासलं नाही. ते त्याच औषधांनी बरे झाले, त्यावरून मला वाटतं की निवड सुरू झाली होती, पण फार पुढे गेली नव्हती. आम्ही थोडक्यात वाचलो.

जगातल्या दर चार क्षयरुग्णांमागे साधारण एक भारतात आहे. म्हणजे जुईच्या शाळेतल्या बऱ्याच पोरांच्या घरी, गल्लीत, कुणी तरी अर्ध्यावर असणार. त्या पोरांना विकर पाठ आहेत, डार्विन पाठ आहे, आणि टीबी आठवीत झालाय. मला कळकळीने वाटतं की उजळणी धड्यांच्या क्रमाने करू नये. एक माणूस घ्यावा, एक गोळी घ्यावी, एक चकती बटाटा घ्यावा, आणि तिच्या मागे मागे सगळ्या धड्यांतून चालत जावं.

उरलेलं आम्ही भराभर उरकलं. प्राण्यांचं वर्गीकरण, हरित ऊर्जा, आपत्ती व्यवस्थापन. तिथे तिला माझी गरज नव्हती.

आईचे तांदूळ निवडून झाले होते. आप्पा बराच वेळ काही बोलले नव्हते. मग म्हणाले, “म्हंजे त्यास्नी सवय झालीच नव्हती.”

“नाही आप्पा.”

“मी मधी सोडल्या नसत्या गोळ्या, तर त्या सुया वाचल्या असत्या.”

“हो.”

“चोवीस.”

जुईने विचारलं, “आजोबा, तुम्ही मोजलेल्या?”

“मोजणार न्हाई व्हय? दिवसाआड दवाखान्यात सुई घ्यायची आन् तसंच मागावर जायचं. त्या सुईनं कानात घुमायचं. खडखड, खडखड.” त्यांनी भिंतीकडे बोट केलं. पलीकडचा कारखाना जेवणाच्या सुट्टीला थांबला होता, हे तेव्हा आमच्या लक्षात आलं. “माग बंद असायचा, तरी चालूच हाय असं वाटायचं,” आप्पा म्हणाले. “अजून वाटतं कधी कधी.”